रावांच्या गाडीचा हीटर

तंजावुरात गाडीला हीटर पाहिजे असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरात भाडेकरू होतो. ज्या गावात डिसेंबरातल्या मार्गळी महिन्याच्या थंडीतसुद्धा पंखा दोनवर ठेवून झोपतात, त्या गावात हे गृहस्थ भर दुपारी बनियन आणि पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी, अशा थाटात डॅशबोर्डाखाली डोकं घालून पडलेले असायचे. पाय रस्त्यावर. येणारे-जाणारे ऑटोवाले वेग कमी करून विचारायचे, "काय सार, हीटर?" आणि आतून उत्तर यायचं की काम अजून पहिल्या पायरीवर आहे.

गल्ली त्यांना राव सार म्हणायची, मी नुसतं राव. घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आलेलं आणि इकडचंच होऊन गेलेलं. मी साताऱ्याकडचा. भातगिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत नोकरी, त्यामुळे पापनाशमपासून तिरुवैयारुपर्यंत गिरण्या हिंडायच्या आणि राहायचं तंजावुरात. घर दाखवणारा दलाल म्हणाला, तुमच्याच भाषेचे लोक आहेत. ते अर्धंच खरं होतं. रावांची मराठी आमच्या पणजोबांच्या कागदपत्रांतली, तिच्यात तमिळ मिसळलेली, आणि चाल संथ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं, "तुमची मराठी फार घाईची आहे. एक वाक्य संपायच्या आंत तुम्ही दुसऱ्यांत शिरतां." मी गप्प बसलो, कारण घर हवेशीर होतं.

राव पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकलचे इन्स्ट्रक्टर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब कायम हाताशी असायचा, त्याला ते साक्षी म्हणत. वीज कुठपर्यंत पोचली ते तो बल्ब दाखवायचा. "माझं नको, तुमचं नको, साक्षी काय म्हणते तें पाहूं," असं म्हणून ते वायर लावत. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: कारण कळल्याबिगर पार्ट बदलायचा नाहीं. "पार्ट बदलणं ही दुरुस्ती नव्हे, ती खरेदी," असंही ते म्हणत. ऐकायला छान वाटतं. त्या तत्त्वज्ञानाच्या हाताखाली राहून पाहावं.

आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात वरच्या मजल्याचं पाणी बंद झालं. कोणताही शहाणा मालक प्लंबरला फोन करतो. रावांनी टाकीपासून सुरुवात केली. मग टाकीचं झाकण, मग पाइप, मग पंप, मग पंपाचं बटण. माझी बायको चार दिवस खालून बादल्या वाहत होती आणि हे प्रत्येक सांध्याला कान लावून उभे. पाचव्या दिवशी जिन्याखालचा कॉक बंद असलेला सापडला. रंगारी आला होता तेव्हा तो रावांनीच बंद केला होता. मला वाटलं, आता तरी जरा ओशाळतील. ते म्हणाले, "पाहा, पंप बदलला असतां तर?"

तापाचंही तेच. अंगात एकशे दोन ताप आणि गोळी घ्यायला नकार, कारण ताप हे लक्षण, कारण नव्हे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गोळी कुटून रसममध्ये कालवून पाजली. सकाळी ताप उतरला. "गोळी लागली नाहीं," असं त्यांनी मला जिना चढून वर येऊन सांगितलं. काकू मागे उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

काकू तशा कमी बोलायच्या. घरातल्या सगळ्या रीती मात्र त्यांच्या. गाडी नुसती कोपऱ्यावरून कॉफीची पूड आणायला निघाली तरी त्या दारात यायच्या, समोरच्या काचेखाली मोगऱ्याचा गजरा ठेवायच्या आणि चिमूटभर हळदीच्या अक्षता काचेवर टाकायच्या. त्यांची आई बैलगाडीच्या जुवावर टाकायची, म्हणून ह्या मोटारीच्या काचेवर. राव स्टिअरिंगवर हात ठेवून तेवढा वेळ थांबायचे. ह्या बाबतीत त्यांनी कधी कारण विचारलेलं मी ऐकलं नाही.

आता त्या गाडीविषयी. ती होती निलगिरीतल्या कुन्नूरची. काकूंची थोरली बहीण, अक्का, कुन्नूरला दिलेली. तिचे यजमान एका चहाच्या मळ्यात हिशेबनीस होते, त्यांची ही गाडी. ते वारल्यावर ती तंजावुरात आली. थंड हवेची गाडी, त्यामुळे तिला एसी नव्हता आणि हीटर होता. सबंध जिल्ह्यात अशी दुसरी गाडी नसेल. मे महिन्यात त्या गाडीत बसलेला माणूस पुन्हा कधी रावांकडे लिफ्ट मागायचा नाही.

त्या वर्षी अक्काची स्मृती जायला लागली होती. कुन्नूरहून तिची सून फोनवर सांगायची, आज गॅस सुरूच ठेवला, आज स्वतःच्याच खोलीचं दार सापडेना. काकू रोज संध्याकाळी सहा वाजता फोन लावायच्या, स्पीकर सुरू करून, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. जिन्यात मला सगळं ऐकू यायचं.

"अक्का, मी बोलतें."

"चिन्नी कां? केव्हां येतेस?"

"येतें. गाडी नीट झाली कीं येतें."

डॉक्टरांनी सुनेला सांगितलं होतं की ओळख अजून काही आठवडे टिकेल, फार तर महिना-दोन महिने. यायचं असेल त्यांनी आत्ताच येऊन जावं. काकूंना एवढंच हवं होतं, की बहिणीनं आपल्याला ओळखावं, एकदा समोरासमोर चिन्नी म्हणावं. ह्यात न समजण्यासारखं काय होतं? आणि त्यांच्या आणि कुन्नूरच्या मध्ये आडवा आला होता गाडीच्या हीटरचा पंखा. खटका फिरवला की वारा यायला हवा, तो येत नव्हता.

मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "राव, टॅक्सी करा. दहा तासांत कुन्नूर."

"त्या टॅक्सीचा हीटर मीं पाहिला आहे कां?"

"मग दोन शाली घ्या."

"गेल्या खेपेस चार होत्या," राव म्हणाले आणि पुन्हा डॅशबोर्डाखाली गेले.

गेल्या खेपेची हकीकत मला काकूंकडून कळली. दोन वर्षांपूर्वी घाटात धुकं आलं, हीटर लागेना, आतून समोरच्या काचेवर वाफ धरली, पुढचं दिसेना म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागली, आणि ती थंड हवा काकूंच्या छातीत बसली. त्यांना दम्याचा त्रास होताच. श्वास घेता येईना. रावांनी तशीच गाडी वळवून घाटाखाली मेट्टुपाळयमला दवाखान्यात नेली. अक्काची भेट झालीच नाही. तेव्हापासून राव कुन्नूरचं नाव निघालं की हीटरचं नाव काढायचे. हे ऐकल्यावर शालींचा विषय मी सोडला. पण टॅक्सीचा सोडला नाही, आणि रोज एकदा सकाळी कामाला निघताना तो काढायचोच.

कामाची पद्धत अशी. पहिली पायरी फ्यूज. दुसरी खटका. तिसरी अर्थिंग. चौथी रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारी ती तारेची वेटोळी. पाचवी मोटर. एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची नाही, इथपर्यंत मला मान्य होतं, मीही गिरण्यांत तेच करतो. पण रोज मध्येच राहुकाळ यायचा. शुक्रवारी साडेदहाला, शनिवारी नऊला, रविवारी साडेचारला. राव घड्याळ बघून पाना खाली ठेवायचे, बॉनेट लावायचे, किल्ली खुंटीला अडकवायचे आणि दीड तास झोपाळ्यावर बसायचे. त्यालाही माझी ना नव्हती. ज्याची त्याची श्रद्धा. राहुकाळ संपल्यावर मात्र ते पुन्हा फ्यूजपासून सुरुवात करायचे.

"अहो, फ्यूज दोन तासांपूर्वी तुम्हीच पाहिला."

"मध्यें काय बदललें असेल कोणास ठाऊक?"

"झोपाळ्यावर बसून काय बदलणार?"

"तेंच तर ठाऊक नाहीं."

अशा माणसाशी कोण डोकं लावणार? तीन आठवड्यांत त्यांनी तो फ्यूज किती वेळा काढून उजेडात धरून पाहिला ते देव जाणे. प्रत्येक वेळी तो शाबूत होता.

पहिला आठवडा फ्यूज, खटका आणि अर्थिंग ह्यांतच गेला. मधे सेल्वम मेकॅनिक आला होता. चांगला पोरगेलासा माणूस, पण हाताला यश असलेला. त्यानं दार उघडलं, खटका फिरवला, कान दिला आणि म्हणाला, "मोटर पोच्चु सार." मोटर गेली. राव म्हणाले, कशावरून? सेल्वम म्हणाला, अनुभवावरून. "अनुभव म्हणजे जुना अंदाज," राव तमिळमध्ये म्हणाले आणि त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. जाताना सेल्वमनं माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मीही लावला.

दुसऱ्या आठवड्यात चौथी पायरी आली आणि रेझिस्टर जळालेला निघाला. मला वाटलं, सुटलो. नवे दोन रेझिस्टर त्रिचीहून मागवले, त्यांतला एक बसवला, खटका एकवर फिरवला, आणि तोही जळाला. आता सेल्वमसारखा माणूस सरळ मोटर उघडून बघतो. राव म्हणाले, रेझिस्टर जळाला हे लक्षण, तो का जळाला हे आधी कळायला हवं, म्हणजे कदाचित खटका चुकीचा प्रवाह सोडत असेल, म्हणजे पुन्हा दुसरी पायरी. आणि दुसऱ्या पायरीच्या आधी पहिली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी फोनवर अक्का काकूंना अम्मा म्हणाली. त्यांची आई जाऊन तीसेक वर्षं झाली होती. "अम्मा, मी दूध प्यायलें," असं म्हणाली, लहान मुलीसारखं. काकू म्हणाल्या, "बरं केलंस." राव समोर खुर्चीत होते, हातात जळका रेझिस्टर.

मी खाली गेलो आणि सांगितलं, "राव, माझी कंपनीची गाडी घ्या. मी स्वतः चालवतो. उद्या निघू."

"तुमच्या गाडीचा हीटर तुम्ही कधीं लावून पाहिला आहे?"

खरं सांगायचं तर नव्हता पाहिला. तंजावुरात कोण पाहतो? "लागेल की," मी म्हणालो.

"लागेल कीं," राव म्हणाले. "घाटांत लागला नाहीं, तर तिच्या छातीला काय सांगूं? लागेल कीं म्हणून सांगूं?"

मला त्या माणसाचा इतका राग आला की रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, तुम्ही कशाला एवढं लावून घेता, त्यांचं ते बघतील. पण त्यांचं ते बघत नव्हते हेच तर दुखणं होतं. ते फ्यूज बघत होते.

एक साधी गोष्ट मला पहिल्या आठवड्यापासून सुचत होती. खटक्याला चार वेग होते. एक, दोन आणि तीन ह्या वेगांना वीज रेझिस्टरमधून जाते. चारवर ती सरळ मोटरीला मिळते. म्हणजे रेझिस्टर जळालेला असला तरी चारवर लावून मोटर जिवंत आहे की मेली ते एका क्षणात कळलं असतं. मी हे तीनदा सुचवलं. राव म्हणाले, "पहिली पायरी सोडून चौथीवर पाय ठेवणारा माणूस पडतो." मुलांनी मोटरी जाळल्या म्हणून आयुष्यभर त्यांना ओरडलेला माणूस तो. यंत्राला कधी एकदम जोर द्यायचा नाही हे त्यांच्या हाडात भिनलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी मी जिना उतरत होतो. फोन लागला होता. काकू म्हणाल्या, "अक्का, मी चिन्नी." मग अक्काचा आवाज, फोनमध्ये नव्हे, बाजूला सुनेकडे वळून: "ही बाई रोज फोन कां करते?"

काकूंनी फोन बंद केला. मागच्या दाराला गेल्या आणि कढीलिंबाच्या झाडाची पानं खुडत बसल्या. त्या दिवशी घरात कढीलिंब लागेल असं काही शिजत नव्हतं. रावांनी ऐकलं होतं. ते बॉनेट उघडून उभे राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फ्यूज काढला. मी परत वर गेलो, कारण खाली थांबलो असतो तर तोंडातून काहीतरी वाईट गेलं असतं.

रविवारी मी घरी होतो. दुपारभर राव तिसऱ्या पायरीवर. साडेचार वाजले, राहुकाळ लागला, बॉनेट मिटलं, किल्ली खुंटीवर गेली. राव झोपाळ्यावर डोळे मिटून बसले. काकू देवघरात होत्या. मी किल्ली काढली, गाडीत बसलो, चावी फिरवली आणि खटका एकदम चारवर नेला. चोरी करतोय असंच वाटत होतं.

ग्लव्ह बॉक्सच्या मागून दबका आवाज आला, घूं, जड दार अडकल्यावर माणूस कण्हतो तसा. पाठोपाठ जळका वास. मी खटका बंद केला. म्हणजे मोटर मेली नव्हती. तिला फिरायचं होतं आणि कशानं तरी तिला धरून ठेवलं होतं. त्या ओढाताणीतच रेझिस्टर जळत होते.

मान वर केली तर राव दारात उभे. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतात. ते म्हणाले, "आवाज कोठून आला?"

"ग्लव्ह बॉक्सच्या मागून."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं. राहुकाळ सहापर्यंत. त्यांनी देवघराकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग टेस्टर खिशातून काढला आणि अनवाणी पायरी उतरले. मी त्यांना राहुकाळात काम करताना पहिल्यांदा पाहिलं. फ्यूज त्यांनी पाहिला नाही.

ग्लव्ह बॉक्स काढला, मोटरीचे तीन स्क्रू काढले, आणि मोटर पंख्यासकट हळूच खाली ओढली. तिच्याबरोबर रावांच्या छातीवर पिवळे तांदूळ पडले. ओंजळभर तरी असतील. पंख्याच्या पात्यांत मोगऱ्याच्या गजऱ्यांचे दोरे गुंडाळलेले, त्यांत कापूस, देवघरातल्या वातींचा, आणि वाळक्या पाकळ्या. उंदरानं बांधलेलं घर. उंदीर केव्हाच सोडून गेला होता.

काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते, तिच्यातून गाडी बाहेरची हवा आत घेते. गेली कित्येक वर्षं गाडी कोपऱ्यापर्यंत गेली तरी काकू काचेवर अक्षता टाकत होत्या. त्या काचेवरून घसरून जाळीतून आत जात होत्या. तांदळामागून उंदीर आला, आणि त्यानं गजरे आणि वाती ओढून आणल्या. तांदूळ जिथे साठतो तिथे उंदीर येतो, यंत्राचं तोंड आधी तपासा, हे गिरणीवाल्यांना सांगायचाच मला पगार मिळतो. गेले तीन आठवडे रोज सकाळी मी त्या अक्षता काचेवर पडताना पाहत होतो आणि रावांना नावं ठेवत होतो. मला माझीच लाज वाटली.

राव उताणे पडले होते. त्यांनी छातीवरचे तांदूळ हातात घेतले आणि बराच वेळ बघितले. आतून काकूंनी विचारलं, "सांपडलें कां?"

"सांपडलें," राव म्हणाले. "उद्यां निघायचें." मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "हें तिला सांगायचें नाहीं."

"का? तुम्हीच म्हणता कारण कळायला हवं."

"मला कळलें. पुरे."

त्यांनी तांदूळ वेष्टीच्या सोग्यात बांधले. अंधार पडायच्या आत मोटर साफ झाली, तिसरा रेझिस्टर बसला आणि पंखा सुरू झाला. राव त्याच्यासमोर हात धरून बसले, घामानं निथळत, गरम वारा अंगावर घेत. मग त्यांनी डासांची बारीक जाळी कात्रीनं कापून काचेखालच्या जाळीवर आतून बसवली. काकूंनी विचारलं, हें काय. मी म्हणालो, पानं अडकतात.

सोमवारी पहाटे निघालो. गाडी मी चालवत होतो, कारण राव ताशी चाळीसच्या वर जात नाहीत. काकूंनी दाराशी अक्षता टाकल्या, रावांनी नेहमीसारखं थांबून घेतलं. घाटात धुकं होतं, तसंच दाट. हीटर लावला. काच स्वच्छ राहिली, काकू मागे शाल पांघरून ऊबेत बसल्या, श्वास अगदी व्यवस्थित. राव पुढच्या सीटवर ओणवे होऊन पंख्याचा आवाज ऐकत होते. मला कबूल केलं पाहिजे, त्या वीस-पंचवीस वळणांत मला त्यांचं म्हणणं पटलं. त्या दुसऱ्या आठवड्यात मी माझी कंपनीची गाडी आणली असती आणि तिचा हीटर लागला नसता तर, हा विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला.

अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. गोरीपान, केस नीट विंचरलेले. काकू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, मी आलें." अक्कानं हात जोडले. तमिळमध्ये, पाहुण्यांशी बोलतात तशा आदरानं म्हणाली, या, बसा, कॉफी घेता का. काकूंनी पुन्हा सांगितलं, चिन्नी. अक्का हसली, भलं माणूस दिसतंय असं, आणि सुनेला म्हणाली, ह्यांना दूध जास्त घाल. रावांना तिनं विचारलं, आपण मळ्यावरून आलात का.

सून चांगली होती. तिचा काही दोष नव्हता. कॉफी ठेवता ठेवता ती म्हणाली, "दहा दिवसांमागेंपर्यंत अधूनमधून विचारायच्या, चिन्नी निघाली कां म्हणून. आतां विचारत नाहींत."

काकूंनी मान हलवली आणि अक्काचा हात हातात घेऊन बसल्या. अक्कानंही हात काढून घेतला नाही. राव उठून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेलो.

ते गाडीपाशी उभे होते. बॉनेटवर हात. म्हणाले, "टॅक्सीनं आलों असतों, तर ओळखलें असतें काय?"

ह्या माणसाला त्या क्षणी काय सांगायला हवं होतं ते मला आज कळतं. कोण जाणे, म्हणायला हवं होतं. टॅक्सी घाटात बंद पडली असती, म्हणायला हवं होतं. पण तीन आठवड्यांचा राग अजून उतरला नव्हता.

"हो," मी म्हणालो. "ओळखलं असतं."

राव वाद घालतील असं वाटलं. कशावरून, असं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. नुसती मान हलवली. तेव्हा मला भीती वाटली.

काकू बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. पायरीवर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय होतें तें गाडींत? तीन आठवडे कशाला लागले?"

राव खोटं कारण सांगणाऱ्यांतले नव्हते. पॉलिटेक्निकमध्ये एका मुलानं मोटर जाळून दुसऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा खरं कारण सापडेपर्यंत त्यांनी सगळ्या वर्गाला दोन दिवस ठेवून घेतलं होतं, ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली होती. आणि इथे खरं कारण काकूंच्या हातातून पडलेलं होतं.

"फ्यूज," राव म्हणाले.

"फ्यूज?"

"जळाला होता. पहिल्याच दिवशीं पाहायला हवा होता. राहिला."

मी तोंड उघडलं. राव माझ्याकडे पाहत होते. मी मिटलं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढी वर्षें मुलांना हेंच शिकवलेंत?" आणि आत गेल्या, बहिणीपाशी.

तिथे आम्ही चार दिवस राहिलो. परतीच्या वाटेवर करूरपर्यंत काकू त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे बोलायला लागल्या, पण फ्यूज त्यांनी सोडला नाही. मी तंजावुरात होतो तेवढा काळ, घरात कुणी पाहुणा आला, कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाची गाडी बंद पडली की त्या सांगायच्या, ह्यांना विचारूं नका, ह्यांना तीन आठवडे फ्यूज दिसला नाहीं, माझी अक्का मला विसरून गेली. सेल्वमलाही त्यांनी हे सांगितलं. सबंध गल्लीला ते पाठ झालं. ऑटोवाले आता हॉर्न वाजवून विचारायचे, "काय सार, फ्यूज?"

रावांचा राग मला अजूनही येतो. वर्ष झालं मी बदली होऊन आलो, तरी एखाद्या गिरणीत कुणी तीच वायर चौथ्यांदा तपासायला लागला की ते डोळ्यांसमोर येतात आणि माझं डोकं तडकतं. पण काकूंनी फ्यूजची गोष्ट काढली की मी उठून वर जायचो. बसलो असतो तर खरं बोललो असतो.

शेवटच्या दिवशी मात्र सामान बांधून झालं होतं, उठून वर जायला जागा नव्हती, म्हणून बसलो. घर बघायला नवे भाडेकरू आले होते, तरुण जोडपं. काकूंनी त्यांनाही सगळं सांगितलं. तो मुलगा इंजिनिअर होता. त्यानं हसून रावांकडे पाहिलं आणि विचारलं, खरंच का सार, नुसता फ्यूज?

राव कॉफी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"खरेंच," ते म्हणाले.